देवदूतांच्या तोंडची पावडर

आमच्या तालिसाय गावात आलिंग मियांग बोलायला लागली की कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात. वयानं मोठ्या बाईला 'आलिंग' म्हणायची इथली रीत, पण तिच्या बाबतीत त्यात मानापेक्षा धसकाच जास्त. बाई अंगानं काटकुळी, सुकटीसारखी. तोंडाचा पट्टा मात्र असा, की मासळी उचलायला येणारा व्यापारी तराजू खाली ठेवायच्या आधी छातीवर क्रुसाची खूण करून घ्यायचा.

आणि का नसावा तिला राग? बाप दारूत गेला. नवरा हेर्मो मासबाते बेटावरच्या एका बाईबरोबर होडीत बसून गेला. "गेला ते बरं झालं, पण माझी चांगली कढई कशाला नेली मेल्यानं," असं ती अजून सांगते. एकुलती एक लेक एडना, तिला पोट भरायला कुवेतला जावं लागलं, दुसऱ्याच्या घरची फरशी पुसायला. जाताना दोन वर्षांची पोर आईच्या कडेवर देऊन गेली. मियांगनं पहाटे उठून मासळी चिरली, मीठ भरलं, बांबूच्या मांडवावर उन्हात पसरली, माश्या हाकलल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या दिल्या. रागावरच तिनं दोन पिढ्या पोसल्या म्हणा ना.

नातीचं नाव निंगनिंग. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, आजीला 'लोला, लोला' करत दिवसभर मागं मागं. हिच्यावर मात्र मियांगचा आवाज कधी चढला नाही. एडनाला तिनं बसस्टँडवर सांगितलं होतं, "तू तिकडं लोकांची पोरं सांभाळ, तुझी मी सांभाळते. केस वाकडा होऊ देणार नाही." बाईचा शब्द म्हणजे शब्द. त्या पोरीला काही होणं म्हणजे मियांगला जगात तोंड दाखवायला जागा न उरणं.

आता मे महिन्याचं सांगते. मे उजाडला की आमच्याकडं रोज दुपारी चॅपेलात मारियामातेला फुलं वाहतात. लहान पोरी पांढरे झगे घालून, पाठीला पंख बांधून देवदूत होतात. डोक्यावर मुकुट असतो, तारेचा, वर कापडी फुलं शिवलेली. गावाच्या मालकीचे मुकुट मोजकेच. आज हिच्या कपाळावर, उद्या तिच्या. धुवायची सोय नाही, कारण धुतले तर फुलांचा रंग उतरतो. आतल्या बाजूनं ते घामानं काळे पडलेले आणि तारेची टोकं कपाळाला टोचणारी. तरी प्रत्येक आईचा जीव त्या मुकुटासाठी टांगणीला. आपली पोर देवदूत झाली नाही, तर वर्षभर शेजारणी विचारणार, का गं, काय झालं होतं?

त्या साली उत्सवाचं यजमानपण आलिंग ग्लोरियेताकडं होतं. तिच्या नवऱ्याचा बर्फाचा कारखाना. आमच्या गावात बर्फवाल्याशी वाकडं घेऊन कोणाची मासळी टिकत नाही, त्यामुळं ग्लोरियेताबाईंनी नुसतं खाकरलं तरी लोक मान डोलावतात. तिची नात चेस्का सुट्टीला मनिलाहून आली होती. पहिल्या दिवशी पहिला मुकुट तिलाच. सगळ्याच पोरींना पावडर लावलेली असते, हिला जरा जास्तच थापलेली. शहरची पोर, नट्टापट्टा असायचाच, म्हणून कोणी निरखून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुकुट निंगनिंगच्या डोक्यावर आला.

आठवडा गेला नसेल, तिच्या कपाळावर केसांच्या कडेला एक पाणीदार फोड आला. खाजवला, फुटला, आणि त्यावर खपली धरली, वाळलेल्या काकवीच्या रंगाची, चिकट. मग एक नाकाखाली, एक ओठाच्या कोपऱ्यात, मग कोपरावर. ताप नाही, रडणं नाही, नुसती खाज. आमच्याकडं याला मामासो म्हणतात आणि मामासोला कोणी भीत नाही. उन्हाळ्यात पोरांना मामासो यायचाच, अंगातली उष्णता बाहेर पडते, असं आमच्या आज्या म्हणत आणि त्यांच्या आज्या म्हणत. आज्यांनी किती पोरं पुरली ते मात्र कोणी सांगत नाही.

मियांगनं गावानं करायचं ते सगळं केलं. पेरूचा पाला उकळून त्या पाण्यानं पुसलं. अंडं, कोंबडी बंद केली. अंघोळ बंद केली, कारण फोडांना पाणी लागलं तर चिघळतात म्हणे. आणि मग ती सेपाच्या दुकानात गेली. सेपाच्या दुकानात साबण, सिगरेट, शेवया आणि एका बरणीत सुट्या कॅप्सूल असतात. ताप असो, दात दुखो, कोंबडा लंगडो, तीच कॅप्सूल.

"गिळायला की टाकायला?" सेपानं विचारलं.

"टाकायला," मियांग म्हणाली.

टाकायला म्हणजे कॅप्सूल उघडायची आणि आतली पांढरी पूड जखमेवर भुरभुरायची. आमच्या गावात हे सगळे करतात. मासे चिरताना हात कापला तरी हेच. पूड पडली की जखम वरून कोरडीठक्क होते आणि माणसाला वाटतं, झालं, बरं झालं. निंगनिंगचे फोडही तसेच पांढरे, कोरडे झाले. मियांगनं वरून तोंडाची पावडर थापली आणि पोरीला पुन्हा चॅपेलात पाठवलं. रात्री सगळ्या वाडीतल्या पोरांसारखंच तिचंही तोंड त्याच एका टॉवेलनं पुसलं, ज्यानं शेजारच्या तिघांची तोंडं पुसली होती.

आरोग्य केंद्राची नर्स हायडी एका दुपारी चॅपेलाच्या अंगणात आली. पोरगी नुकती शिकून आलेली, कामाची हुशार, पण जिभेला लगाम नाही. तिनं तीन-चार पोरांच्या हनुवट्या धरून तोंडं वर केली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ही घाण एकमेकांना लावत सुटलाय तुम्ही. हा जंतू आहे, उष्णता नाही. आधी हे मुकुट बंद करा. साबण-पाण्यानं फोड धुवा, खपली भिजवून हळूच काढा, मलम मी देते. ज्याला जास्त आहेत त्याला पोटातून औषध लागेल. ती पूड टाकणं थांबवा. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, नखं कापा, आणि फोड बरे होईपर्यंत पोरांना घरी ठेवा."

बोलली ते सगळं खरं. पण 'घाण' म्हणाली ना, तिथंच माती खाल्ली. गरिबाला तुम्ही काहीही म्हणा, घाणेरडा म्हणू नका.

ग्लोरियेताबाई शांतपणे म्हणाल्या, "हायडी, मारियामातेच्या मुकुटानं रोग होतो म्हणतेस? फादरना सांगू का तसं?"

आणि मग आमची मियांग उठली. सगळ्यांत आधी तीच. "ए पोरी, माझ्या घरात येऊन बघ, फरशीवर भात सांडला तर उचलून खाशील. मुकुट बंद करा म्हणे. तुझ्या आईनं मामासोसकटच तुला मोठी केली, तेव्हा नाही मेलीस ती. उचलली जीभ, लावली टाळ्याला." बायका हसल्या. हायडीचे कान लाल झाले. ती म्हणाली, "उद्या केंद्रात आणा, मलम ठेवते," आणि निघून गेली. कोणी गेलं नाही. मियांग तर नाहीच. तिची त्या दिवशी गावानं पाठ थोपटली, ग्लोरियेताबाईंनी तर स्वतःच्या हातानं तिला भाताचा केक दिला.

मला विचाराल तर त्या केकचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

महिना सरत आला. फोड वाळले, काळसर डाग राहिले. आणि निंगनिंगच्या गालांवर गोलाई आली. डोळ्यांखाली, गालांवर, कशी भरल्यासारखी दिसायला लागली पोर. सेपा म्हणाली, "कुवेतचा पैसा अंगी लागला बाई." शेजारीण म्हणाली, "लोलाच्या हातची पेज मानवली." मियांग फुलून गेली. तिच्या आयुष्यात तिला कोणी चांगलं म्हणण्याची सवयच नव्हती.

एडनाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिनं पोरीला मुद्दाम फोनसमोर बसवलं. "बघ तुझी लेक. नंतर म्हणशील, आईनं उपाशी ठेवली."

एडनानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आई, तिचे डोळे बारीक का दिसतायत? सूज आहे का गं?"

"सूज? सूज तुझ्या अकलेला आलीय. इथं मी मरमर मरते आणि तू तिकडून खोट काढ. भरलीय पोर, भरलीय."

"बरं बरं, रागावू नकोस," एडना म्हणाली. तिला आयुष्यभर हेच म्हणायची सवय.

दोन दिवसांनी मियांग सकाळी पोरीचं लघवीचं भांडं ओतायला गेली. आत काळपट लाल पाणी, कोला ओतल्यासारखं, आणि तेही जेमतेम तळाशी. "जांभळं खाल्लीस ना गं चोरून?" तिनं विचारलं. निंगनिंग म्हणाली, नाही खाल्ली. मियांगला पटलं नाही. पण दुपारी पोर डोकं धरून बसली, पोटातलं सगळं ओकली आणि चप्पल घालायला गेली तर पायात चप्पल जाईना. पाऊल सुजून पावासारखं झालं होतं. तेव्हा मियांगच्या डोक्यातून जांभळं गेली. तिनं मांडवावरची मासळी तशीच टाकली, पोरीला उचललं आणि तीनचाकीवाल्याला म्हणाली, "तालुक्याच्या इस्पितळात. आणि वाटेत कोणासाठी थांबलास तर गाडीसकट समुद्रात घालीन."

इस्पितळातले डॉक्टर थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पोरीचा रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि डोळ्यांखाली बोटानं दाबून पाहिलं. मग कपाळावरच्या डागांकडं बोट करून विचारलं, "हे फोड कधी आले होते?"

"महिन्याच्या सुरुवातीला. बरे झाले ते. मामासो होता."

"औषध काय केलंत?"

मियांगनं सांगितलं. पेरूचा पाला, पूड, सगळं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"वरून वाळलं, खाली जंतू जिवंत राहिले," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी या जंतूशी झगडताना शरीर स्वतःच्याच किडनीला दुखावून बसतं. म्हणून सूज, म्हणून अशी लघवी. वेळेवर औषध दिलं असतं तरी हे नक्की टळलंच असतं असं मी नाही सांगणार. पण जंतू इतका पसरला नसता. बहुतेक पोरं यातून बरी होतात. हिचा रक्तदाब फार चढलाय, त्याची मला काळजी आहे. आता तोंडात मिठाचा कण जाता कामा नये."

मियांगच्या बोटांच्या भेगांतसुद्धा मीठ होतं. ती बाहेर जाऊन नळाखाली हात घासत राहिली, कातडी सोलवटेपर्यंत.

पुढचे दिवस तिनं पोरीच्या खाटेखाली काढले. निंगनिंगला एकदा झटका आला, डोळे फिरले, आणि मियांगनं असा आवाज केला की शेजारच्या वॉर्डातून माणसं धावत आली. नंतर पोर निपचित पडली. नर्स म्हणायची, "आजी, जेवा," तर ही भिंतीकडं तोंड करायची.

आणि अशा वेळी फळांची टोपली घेऊन ग्लोरियेताबाई आल्या. त्या मनानं वाईट नाहीत असं लोक म्हणतात. लोक काय, बर्फ घेतात त्यांच्याकडून. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस मियांग. आमच्या चेस्कालाही आला होता ना हा मामासो. मनिलाहून घेऊनच आली होती. तिकडच्या डॉक्टरनं मलम दिलं, चार दिवसांत गेला. हिचंही होईल बरं."

मियांगनं मान वळवली. "कधी आला होता चेस्काला?"

"अगं, आली तेव्हाच. पहिल्या दिवशी मुकुट घालायचा होता ना, म्हणून पावडर लावली जरा. उत्सवाचा पहिला दिवस, लोक काय म्हणतील?"

"आणि हायडी बोलली तेव्हा तुमच्या घरात मलमाची ट्यूब होती."

ग्लोरियेताबाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. "ते... मी काय बोलणार होते सगळ्यांसमोर?"

मियांगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं शिवी दिली नाही. टोपली उचलली, बाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "उठा. माझ्या पोरीला तुमची सावली नको." एवढं हळू ती जन्मात बोलली नव्हती, आणि खरं सांगते, ते तिच्या ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. आपल्या नातीला मलम आणि गावच्या पोरांना मारियामातेची कृपा. अशा माणसांचं करायचं काय, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी निंगनिंगला लघवी झाली. भरपूर झाली. रंग अजून चहासारखा, पण डॉक्टर ती बाटली उजेडात धरून पहिल्यांदा हसले. "उतार पडला," ते म्हणाले. त्या दिवशी उत्सवाचा शेवटचा दिवस होता. सेपा इस्पितळात येऊन बसली होती, बरणीतल्या कॅप्सूलचं पाप मनात घेऊन. मियांग तिला म्हणाली, "हिच्याजवळ बस. पाणी नर्सला विचारून दे, खायला काही देऊ नकोस. मी येते."

चॅपेलात मिरवणुकीची तयारी चालली होती. देवदूत रांगेत उभे. ग्लोरियेताबाई मुकुट घेऊन पहिल्या पोरीच्या डोक्यावर ठेवणार, तेवढ्यात मियांगनं तो हातातून काढून घेतला. इस्पितळात मळलेले कपडे, केस पिंजारलेले. फादर पुढं झाले, तर ती म्हणाली, "फादर, तुम्ही जरा थांबा. मारियामाता माझ्या ओळखीची आहे, तिला मी सांगीन काय ते."

तिला सगळ्यांना दाखवायचं होतं की या बाईनं काय केलं. तिनं अंगठा थुंकीनं ओला करायला तोंडाकडं नेला, मग थांबली, आणि पवित्र पाण्याच्या भांड्यात बुडवला. समोरच्या पोरीच्या नाकाखालची पावडर पुसली. खाली काकवीच्या रंगाची खपली. मुलीची आई खाली बघायला लागली. मियांगनं पुन्हा अंगठा बुडवला, दुसऱ्या पोरीचं कपाळ पुसलं. तिथंही तेच. तिसरी. चौथी. प्रत्येक देवदूताच्या पावडरखाली तेच निघालं, आणि प्रत्येकीच्या मागं उभी असलेली आई खाली बघत होती.

ग्लोरियेताबाईंसाठी आणलेल्या शिव्या मियांगनं गिळल्या. आपलं ठेवायचं झाकून, असं एकीलाच म्हणावं, तर इथं सगळे एकाच माळेचे मणी. आणि त्या माळेत ती स्वतः पहिली.

"कोणीतरी हायडीला बोलवा," ती म्हणाली. "मलम, गोळ्या, सुई, जे असेल ते घेऊन ये म्हणावं. आणि तिला सांगा, ती घाण म्हणाली ते चूक होतं, पण बाकीचं सगळं खरं होतं, आणि मियांगनं तिला हसण्यावारी नेलं. काढा ते झगे. हातपंपावर चला सगळ्या. साबण आणा. बर्फवाल्या बाई, तुमच्याकडचे टॉवेल आणा, पोरागणिक एक. आज तुमचं यजमानपण एवढंच."

ग्लोरियेताबाई गेल्या आणि टॉवेल घेऊन आल्या. कोणाकडं न बघता त्या पंप मारत राहिल्या. त्यांना कोणी धन्यवाद दिले नाहीत, आणि बरं झालं दिले नाहीत. मिरवणूक त्या साली देवदूतांशिवाय निघाली. मुकुट हायडीनं जाळायला नेले.

संध्याकाळी मियांग इस्पितळात परतली. निंगनिंग उशीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं, डोळे मात्र पुन्हा मोठे. फोन वाजला. एडनाला सेपानं कळवलं होतं. आपण होऊन कळवायचं धैर्य मियांगला झालं नव्हतं.

"आई," एडना म्हणाली, "ती जगेल ना?"

"जगेल. डॉक्टर म्हणाले. वर्षभर तपासायला न्यायची आहे."

मग एडनानं विचारलं, "मी सूज म्हणाले होते. तुला दिसली नव्हती का गं?"

मियांगकडं उत्तरं खूप होती. बर्फवाली होती, सेपाची बरणी होती, उर्मट नर्स होती, आज्या-पणज्या होत्या, वरून उन्हाळा होता. सगळं जिभेच्या टोकावर होतं.

"दिसली होती," ती म्हणाली. "फोडही दिसले होते. मीच पावडर लावली."

आणि मग ती गरीब एडना, जिनं आईपुढं कधी मान वर केली नव्हती, ती ओरडायला लागली. कुवेतच्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी राहून, मालकीण ऐकेल याची पर्वा न करता, तिनं आईला काय काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाही. आवाज अगदी मियांगचा. शब्दही बरेचसे मियांगचेच. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली.

मियांगनं फोन कानापासून जरासुद्धा लांब धरला नाही. बोलता बोलता कॉल तुटला. ती फोन हातात धरून, पोरीच्या पायाशी बसून राहिली, लेक पुन्हा लावेल आणि राहिलेलं बोलेल याची वाट बघत.